मागच्या हंगामात कुणाचे बुडवले?

निफाड-दिंडोरीकडचा मुरलेला बागायतदार द्राक्षाचा सौदा करताना नुसत्या भावावर भाळत नाही. व्यापारी कुठला, गेल्या हंगामात कुणाच्या बागेत उतरला होता, त्याचा चेक वटला का, याची आधी चौकशी करतो. गाडी भरून गेली आणि व्यापाऱ्याचा फोन बंद लागला, हे इथे नवं नाही. 2020 मध्ये विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकरांना अशा बुडव्यांविरुद्ध मोहीमच उघडावी लागली होती.

याच बागायतदाराचा नाशिकच्या कॉलेज रोडवर राहणारा इंजिनिअर मुलगा टेलिग्रामवर आलेलं नवं क्रिप्टो टोकन घेतो, तेव्हा फक्त चार्ट बघतो. गंमत अशी, की व्यापाऱ्याची माहिती काढायला चार गावं फिरावी लागतात आणि टोकन काढणाऱ्याची कुंडली मात्र फुकटात, उघड्यावर पडलेली असते.

टोकन इथेरियमवरचं असेल तर इथरस्कॅन या संकेतस्थळावर त्याच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या कोडचा, पत्ता टाकायचा. ते कोणत्या वॉलेटमधून तयार झालं हे तिथे दिसतं. त्या वॉलेटवर क्लिक केलं की त्याचे जुने व्यवहार, आधी काढलेली टोकनं, सगळं समोर येतं. सोलानासाठी सोलस्कॅन आहे. आधीची पाच टोकनं दोन-दोन दिवसांत शून्यावर आली असतील, तर सहावं टिकेल असं मानायला काय आधार? मग लिक्विडिटी, म्हणजे टोकनची खरेदी-विक्री चालावी म्हणून ठेवलेली रक्कम, लॉक केली आहे का आणि किती काळासाठी, मोठ्या दहा वॉलेटांत मिळून किती माल दाबून ठेवला आहे, हे बघावं. आणि मुख्य म्हणजे, घेतलेलं विकता येतं का? 2021 मध्ये ‘स्क्विड’ नावाचं टोकन गाजलं. एका कोरियन मालिकेची लोकप्रियता वापरून कुणीतरी ते काढलं होतं, मालिकेशी त्याचा संबंध नव्हता. भाव 2,800 डॉलरच्या वर गेला, पण घेणाऱ्यांना विकताच येत नव्हतं. काढणाऱ्यांनी पैसे उचलले आणि भाव काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला.

या तपासणीची मर्यादाही मोठी आहे. नवं वॉलेट मिनिटभरात उघडतं, तेही फुकट. त्यामुळे कोरी पाटी म्हणजे स्वच्छ चारित्र्य नव्हे. त्या वॉलेटमध्ये पहिले पैसे कुठून आले ते बघावं. कधी कधी जुन्याच वॉलेटचा माग लागतो. ते एक्स्चेंजमधून आले असतील तर आपला रस्ता तिथे संपतो, पुढे पोलीसच जाऊ शकतात.

आणि महाराष्ट्राला ज्यांनी मोठा फटका दिला, ते काही निनावी वॉलेटमागे लपलेले नव्हते. पुण्यात गाजलेली ‘गेनबिटकॉइन’ ही गुंतवणूक योजना अमित भारद्वाजची. 18 महिने दरमहा 10 टक्के परतावा, असं आश्वासन. 2017 मध्ये बिटकॉइन द्यायची वेळ आली तेव्हा लोकांच्या हाती स्वतःचंच ‘एमकॅप’ टोकन ठेवलं, ज्याला बिटकॉइनच्या तुलनेत किंमतच नव्हती. एप्रिल 2018 मध्ये त्याला अटक झाली, जानेवारी 2022 मध्ये तो वारला. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाही पुढे पोलिसांनी अटक केली. बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याचा आरोप होता. आता प्रकरण सीबीआयकडे आहे.

‘वनकॉइन’ या दुसऱ्या बनावट क्रिप्टो योजनेला तर उघड ब्लॉकचेनच नव्हती, म्हणजे तपासायला वॉलेटही नाही. पण त्याची संस्थापक रुजा इग्नातोव्हा हिला जर्मनीतल्या न्यायालयाने 2012 मध्येच एका कारखान्याच्या दिवाळखोरी प्रकरणात दोषी ठरवलं होतं. वनकॉइन आलं 2014 मध्ये. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच्या सेमिनारमधून प्रचारकांना उचललं, तोवर पैसे गोळा होतच होते.

इथे आपली खोड दिसते. आपण विकणाऱ्याची पत बघतो, काढणाऱ्याची नाही. नाशिककरांना हे केबीसी मल्टिट्रेड या गुंतवणूक कंपनीच्या घोटाळ्याने शिकवायला हवं होतं. 2014 मध्ये तो फुटला तेव्हा कंपनीचा संचालक सिंगापूरला होता आणि दारात उभा होता तो आपलाच मेहुणा, एजंट म्हणून. बिचाऱ्याचेही त्यात बुडालेले असायचे. आजही ‘शिंदे सरांनी घेतलंय’ एवढ्यावर टोकन खपतं. शिंदे सर सज्जनच असतील. कॉन्ट्रॅक्ट त्यांनी लिहिलेलं नाही.

‘सरकार टॅक्स घेतं, म्हणजे कायदेशीरच की,’ असंही ऐकू येतं. एक्स्चेंजना मार्च 2023 पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला, हे खरं. पण टोकन काढणाऱ्याचं चारित्र्य त्यात कुणी तपासत नाही. कर मात्र नफ्यावर 30 टक्के, आणि एका टोकनमध्ये बुडालेले पैसे दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाहीत.