लाल मुंगीचा हक्क कोणाचा?

उन्हाळा लागला की भामरागड परिसरातल्या माडिया गावांत आणि पलीकडच्या बस्तरात लाल मुंग्यांची घरटी उतरवायला सुरुवात होते. अळ्यांच्या रेशमाने पाने शिवून केलेले हे घरटे फांदीसकट खाली घ्यायचे, झटकायचे, मुंग्या आणि पांढरी अंडी वेगळी करायची; मग मीठ, मिरची, लसणाबरोबर पाट्यावर वाटायचे. बस्तरच्या आठवडी बाजारात हाच ‘चापडा’ पानाच्या दोन्यांत विकला जातो. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंगीच्या ‘काई चटणी’ला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर आपल्याकडेही तशी मागणी होऊ लागली तर नवल नाही. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, जंगलावरचा हक्क मिळत नाही. ग्रामसभांसोबत काम करणाऱ्यांनी आधी हक्काचे पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या वनस्पतिजन्य उपजापुरती ठेवली आणि त्याच यादीत टसर, कोश, मध, मेण व लाख घातली. ही सगळी कीटकांचीच कमाई. मध आणि लाख तर 2013 पासूनच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेतही आहेत. मुंगीचे मात्र नाव नाही. म्हणून बाईने घरी वाटली तर कोणी विचारत नाही. टोपलीभर बाजारात नेली, तर ती कोणत्या हक्काने नेली याचे उत्तर तिच्याकडे नसते. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावरही स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक पासावर विकण्यासाठी 2011 पर्यंत झगडावे लागले. बांबूचे नाव कायद्यात लिहिलेले असताना ही गत, तर मुंगीचे काय होईल?

विक्री वाढली की मुंगी संपेल, हा आक्षेप गंभीर आहे. फांद्या सरसकट तोडल्या तर तसे होईलही. पण एका वसाहतीची अनेक घरटी असतात आणि राणी त्यांपैकी एकातच असते. थायलंडच्या आंबाबागांतल्या अभ्यासात नव्या राण्यांची पिल्ले काढूनही कामकरी मुंग्या घटल्या नाहीत. शिवाय ही मुंगी झाडावरची कीड खाते. चीनमध्ये चौथ्या शतकापासून ती संत्रावर्गीय बागांत मुद्दाम सोडत. आरमोरीकडच्या टसर पाळणाऱ्या ढिवरांना मात्र ती ऐनाच्या झाडांवरच्या कोशाच्या अळ्या खाणारी वैरीण वाटते. तेव्हा कुठे काढायची आणि कुठे राखायची, हे गावागणिक वेगळे ठरेल. मुंबई-दिल्लीत बसून ठरणार नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला कीटकही बाधू शकतात आणि फवारणीच्या बागेतली मुंगी खाऊ नये, हे खरेच. युरोपीय संघाने 2021 मध्ये पिवळ्या मीलवर्मला परवानगी देताना ॲलर्जीची सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तेवढे तपासून नियम करावेत. तोवर ज्या ग्रामसभा आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लिहीत आहेत त्यांनी त्यात मुंगीचे नाव, काढणीचे महिने आणि राखायची झाडे नोंदवावीत, आणि गौण वनोपजाची व्याख्या दुरुस्त करण्याचा ठराव जिल्हास्तरीय वनहक्क समितीमार्फत आदिवासी विकास विभागाकडे पाठवावा.