बुडालेले सुपे आणि ‘पोरखेळ’

संगणकावरील चित्रखेळात शोक कसला, असे काही विद्वान सभामंडपात बसून विचारतात. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पालटीत रामायण गातात, तेव्हा मात्र यांचेच डोळे पाणावतात! 2004 सालच्या ‘क्लॅनाड’ या जपानी खेळात पत्नी-कन्येच्या वियोगाची कथा आहे. तेथे चित्रे वाचक स्वतः पालटतो, इतकाच भेद.

काळी नदीवरील धरण 1987 साली पुरे झाले. जुने सुपे त्याच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, कित्येक कुटुंबे रामनगरास गेली. तेथील वाटा, अंगणे डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता सरत चालली आहे. त्यांच्या नातवंडांनी आजी-आजोबांच्या आठवणींचा असा खेळ मराठी-कोंकणीत रचावा, असे आम्हांस वाटते. त्यास पोरखेळ म्हणणाऱ्यांनी सुप्यावर आजवर किती पाने लिहिली, तेवढे आधी सांगावे.