गृहारोग्य : छातींतील जळजळ व तिजवरील पेयें

भातकुली तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत मोडतो. येथें विहिरींचें पाणी मुळांतच खारट, आणि ताटांत भाकरी, झुणका व वर तिखटजाळ ठेचा. छातींत जळजळूं लागलें म्हणजे पुष्कळ घरीं प्रथम हात जातो तो खाण्याच्या सोड्याकडे. क्षारानें आम्ल मारलें जातें व क्षणभर बरें वाटतें. परंतु चहाच्या चमचाभर सोड्यांत सुमारें १२०० मिलिग्रॅम सोडियम असतें. प्रौढ माणसाच्या पोटांत तें दिवसाकांठीं २००० मिलिग्रॅमहून कमी जावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेथें पाणीच खारट आहे व मामंजींना रक्तदाबाचा विकार आहे, तेथें रोज सोडा घेणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत पडणें होय.

त्यापेक्षां ताक बरें. तें त्याच दिवशींचें, लोणी काढलेलें, पातळ व आंबट न झालेलें असावें. भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी, मीठ वगळावें. पुदिना मात्र नको; जठराच्या तोंडाशीं आम्ल अडवून धरणारी जी झडप असते, ती त्यानें सैल पडते. ताक न सोसणाऱ्यांनीं ज्वारीच्या कण्यांची न आंबविलेली पेज घ्यावी. थंड दुधाची कीर्ति मोठी आहे. पण साईचें दूध प्रथम शमवितें आणि मागाहून अधिक आम्ल सुटावयास लावतें. वरूड-मोर्शीचीं संत्रीं हा आम्हां वऱ्हाडकरांचा अभिमान खरा, तरी जळजळणाऱ्या घशास त्यांचा रस वैरीच. चहाविषयीं लिहावें तर घरोघरचा रोष ओढवावयाचा. निदान संध्याकाळनंतरचा कप तरी सोडून पाहावा. कोणतेंही पेय घोट घोट घ्यावें. तांब्याभर पाणी एका दमांत प्याल्यानें जठर ताणतें व आम्ल वर चढतें.

माधवनिदानांत अम्लपित्ताचीं लक्षणें म्हणून आंबट-कडू ढेकर व छाती-कंठाचा दाह सांगितला आहे. हीं लक्षणें घरांत बहुधा कोणास होतात, हें सासूबाईंनीं एकदां पाहावें. मुलें जेवतात, पुरुष जेवतात, पाहुणे जेवतात. सून दहा वाजतां उरलेलें कालवण घाईनें संपविते, ओटा आवरते आणि लगेच आडवी होते. जेवण व निद्रा यांत तीन तासांचें अंतर हवें. तें तिच्या वाट्यास येतच नाहीं. ती गर्भार असल्यास वाढत्या गर्भाचा दाब जठरावर पडतो, तो निराळाच. तिला रात्रीं ताकाचा पेला देऊन भागणार नाहीं. तिचें पान सर्वांबरोबर सात वाजतां मांडावें. ओटा मागाहून आवरतां येतो, आणि तो तिनेंच आवरावा असेंही नाहीं. तिच्या पलंगाच्या उशाकडील पायांखालीं सहा इंचांचे ठोकळे द्यावे व डाव्या कुशीवर निजावयास सांगावें.

जळजळ आठवड्यांमागून आठवडे चालली, घास अडकूं लागला, वजन उतरलें, शौचास काळें झालें वा वांतींत रक्त दिसलें, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांस दाखवावें. छातींतील कळ हाताकडे वा जबड्याकडे जाऊं लागली व घाम सुटला, तर पित्त समजून ताक पाजीत बसूं नये. मिळेल त्या वाहनानें तत्काळ अमरावतीचें इस्पितळ गांठावें.