वीसपैकी वीस, बॅज मात्र खणात

एक्स-रे विभागातल्या माणसांना वर्षातून एकदा वीस प्रश्नांची पत्रिका द्यायची, सोळा उत्तरं बरोबर आली की किरणसुरक्षेची चिंता मिटली! आमच्या दीपनगर-भुसावळ भागातल्या एका जाणकारांचा हा सिद्धान्त. आवाज खणखणीत असल्यामुळे ऐकणारे माना डोलावतात.

पत्रिकेत विचारणार काय? मात्रेची मर्यादा. कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात फार तर 30, सामान्य माणसाला 1. घोकायला एक संध्याकाळ पुरते. मात्रा मोजणारा बॅज कुठे लावावा? छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत. पैकीच्या पैकी! आता त्याच गुणवंताचा बॅज शोधा. तो टेबलाच्या खणात, चाव्यांच्या जुडग्याशेजारी सापडेल; हरवला तर बोलणी कोण खाणार? तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येतो, मात्रा नगण्य. खणाची प्रकृती उत्तम आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं. कंट्रोल बॅजची कथा याहून सुरस. तो किरणांपासून लांब ठेवायचा असतो, कारण त्याच्यावरची नोंद बाकीच्यांच्या नोंदीतून वजा होते. तोच एक्स-रेच्या खोलीत खिळ्याला टांगला की वजाबाकी सगळ्या विभागाला सुखरूप ठरवते. हे वीसपैकी वीस मिळवणाराही रोज करू शकतो. एप्रनची घडी घालू नये, आत भेगा पडतात, हेही त्याला पाठ असतं. एप्रन स्टुलावर घडी होऊन पडलेला असतो.

पत्रिका इंग्रजीत. आणि पोराला धरून उभी राहणारी आया परीक्षेच्या यादीतच नाही.

याच जाणकार गृहस्थांशी मागे वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेवरून वाजलं होतं. राखेत युरेनियम-थोरियमचे अंश असतात, तरी आपण जगतोच ना, मग एक्स-रेचं कौतुक कशाला, असा तेव्हाचा त्यांचा बाणा. अंश असतात, खरं आहे. पण म्हणून एक्स-रेच्या झोतात हात घालावा, हे तर्कशास्त्र कुठलं? आता हेच किरणसुरक्षेचे परीक्षक!

मग करावं काय? वीजकेंद्रात गुणपत्रिका बघून कुणाला बॉयलरमध्ये सोडत नाहीत. परमिट लागतं, टॅग लागतो. वेल्डिंगच्या जोडांची इरिडियम-192 ने तपासणी करायची तर आधी दोरी बांधून जागा मोकळी करतात, मीटरने मोजतात. दवाखान्यातही काम चालू असताना बघावं. वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे काढताना सिस्टर किती मागे सरकते? अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. सी-आर्म एक्स-रे यंत्राच्या पेडलवर डॉक्टरांचा पाय किती वेळ असतो? बॅज कुणाच्या अंगावर आहे? 2004 च्या किरणसंरक्षण नियमांनुसार किरणसुरक्षा अधिकारी असावाच लागतो, त्यालाच हे काम द्यावं. फक्त तो शेजारच्या दवाखान्यातला असावा, आणि न कळवता यावा.