लगाम कोणाला, मोकळीक कोणाला?

सरकारने इंटरनेट कंपन्यांच्या कारभारात पडू नये, बाजार आपोआप सारे सुरळीत करील, असे म्हणणारे वाढत आहेत. अमेरिकेत या वादात दहा वर्षे गेली. कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक द्यावी, हा नियम तिथे 2015 साली झाला, 2017 साली मोडीत निघाला, 2024 साली परत आणला गेला आणि 2025 च्या जानेवारीत अपिली न्यायालयाने रद्द केला. हा शिकल्यासवरल्या शहरी लोकांचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकींना वाटते. मला तसे वाटत नाही.

2023 च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलवर फोटो काढून घेण्याची सक्ती झाली. किनवट-माहूरच्या डोंगरात रेंज नसेल तर मजूर बाईने काय करायचे? 2025 च्या सप्टेंबरात ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी आली. शिकायला लातुरात राहणाऱ्या मुलींचे प्रवेशअर्ज आणि निकालही ऑनलाइनच. हक्काच्या पैशाची आणि शिक्षणाची वाट सरकारनेच कंपन्यांच्या तारांतून नेली आहे. मग ती वाट चालती ठेवण्याची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही.

बाजाराने काहीच दिले नाही, असे मी म्हणणार नाही. 2016 नंतर स्पर्धेमुळे डेटा स्वस्त झाला, हे खरे आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बाया देशात शंभरात 33 होत्या आणि पुरुष 57. घरात एकच फोन असला की तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात जातो. आणि कंपन्यांची स्पर्धा होते ती दाट वस्तीत. तांड्यावर, वाडीवर गिऱ्हाईक थोडे, म्हणून तिथे टॉवर परवडत नाही.

गरिबांना थोडेसे इंटरनेट फुकट देऊ, त्यात काय उघडायचे ते आम्ही ठरवू, असा ‘फ्री बेसिक्स’चा प्रस्ताव फेसबुकने आणला होता. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ‘ट्राय’ने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली आणि तो बारगळला. बाईने काय वाचावे हे घरात दुसरेच ठरवतात, त्याचा आपल्याला पुरेसा अनुभव आहे. तेच काम कंपनीने करू नये, म्हणून हा नियम टिकला पाहिजे.

मात्र सरकारचा दुसराही एक हात आहे, तो इंटरनेट बंद करणारा. 2023 मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन चिघळले, तेव्हा शेजारच्या बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आले. अशा वेळी अडचणीतल्या बाईचा मैत्रिणीशी, संस्थेशी असलेला धागाही तुटतो. असे आदेश जाहीर केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी सांगितले आहे. मर्यादा घालायची तर या अधिकाराला घाला. कंपन्यांना मोकळीक आणि नागरिकांना टाळे, असा उलटा कारभार आपण का मान्य करावा?

आहेत ते नियमही पुरेसे नाहीत. जिल्ह्यात 24 तासांहून जास्त काळ सेवा ठप्प झाली, तर ग्राहकाला बिलात सूट किंवा वाढीव मुदत द्यावी, हा ‘ट्राय’चा 2024 चा नियम चांगला आहे. पण मोजमाप जिल्ह्याचे. नांदेड शहरात रेंज भरपूर, म्हणून माहूरच्या तांड्याचा अंधार झाकला जातो. मोजणी गावाची झाली पाहिजे, अशी मागणी आपण लावून धरायला हवी.

ही लढाई तज्ज्ञांवर सोडू नका. रेंज कुठे आणि किती दिवस नव्हती, याची नोंद बचत गटाच्या वहीत ठेवा. कंपनीकडे तक्रार करा, क्रमांक लिहून घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा. टेलिफोन कंपनीविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाही आहे, लातूरलाही आहे. रेशन आणि पाण्यासाठी आपण मोर्चे काढले. आता रेंजसाठीही काढावे लागतील.