मुंबई वाचली की नाही, ते सांगा : ‘सेक्रेड गेम्स’च्या दुसऱ्या पर्वाबाबत प्रेक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मालिकेचे निर्माते, लेखक, दिग्दर्शक व प्रसारण करणारा मंच

महोदय / महोदया,

मालिका पाहून झाली की एकत्र बसून तिच्यावर बोलणारे आमचे मुंबईतले प्रेक्षक मंडळ आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी ‘सेक्रेड गेम्स’चे दुसरे पर्व आले, तेव्हापासून त्याच्या शेवटाबाबतचा आमच्यातला वाद मिटलेला नाही. तरीही पुढील मागण्या आम्ही एकमताने करीत आहोत.

2018 च्या पहिल्या पर्वात गुंड गणेश गायतोंडेने पोलीस अधिकारी सरताज सिंगला फोन केला आणि शहर वाचवायला 25 दिवस दिले. आठ भाग, मग वर्षभराची वाट, मग आणखी आठ भाग. एवढे सगळे प्रेक्षकाने पाहिले ते या मुदतीचे काय होते हे कळावे म्हणून. ‘रॅडक्लिफ’ या अखेरच्या भागात सरताज अणुबॉम्ब निकामी करण्याचा शेवटचा प्रयत्न करतो आणि मालिका तिथेच तुटते. आमच्यातल्या काहींना हा शेवट धाडसी वाटतो. या शहराने इतके स्फोट सोसले आहेत की ‘वाचले’ असे ठामपणे म्हणणेच खोटे ठरेल, असे ते म्हणतात. या मताचा आम्हाला आदर आहे. पण ज्या गोष्टीने पहिल्याच भागात दिवस मोजायला लावले, तिने शेवटच्या दिवशी हात झटकू नयेत. विक्रम चंद्रा यांच्या 2006 च्या मूळ कादंबरीत मुंबई वाचते. म्हणजे उत्तर हाताशी होते. म्हणून मागणी अशी की, तिसरे पर्व करावे. ते करायचे नसेल तर कथा इथेच संपली असे जाहीरपणे सांगावे. प्रेक्षकाला वर्षानुवर्षे अंदाजावर ठेवणे योग्य नाही.

दुसरी गोष्ट आमच्या जिवाला अधिक लागलेली आहे. जितेंद्र जोशी यांनी उभा केलेला सरताजचा हवालदार काटेकर पहिल्या पर्वात मारला गेला, आणि त्याच्याबरोबर मालिकेतली आमच्या ओळखीची मुंबई बरीचशी गेली. ड्युटी संपवून दमून घरी येणारा, साहेबाच्या पाठीशी उभा राहणारा, घरात बायकोशी मराठीत बोलणारा असा पोलीस हिंदी पडद्यावर इतक्या आपुलकीने क्वचितच दिसतो. दुसऱ्या पर्वात केनिया आला, गायतोंडेच्या गुरुजींचा आश्रम आला, जगबुडीची भाषा आली. मुंबईतला आपला गोपालमठ इलाखा सुटलेल्या गायतोंडेचे एकाकीपण नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी आणि त्याला मुठीत ठेवणारी गुप्तचर अधिकारी यादव अमृता सुभाष यांनी फार ताकदीने दाखवली, हे आम्ही मनापासून मान्य करतो. पण नेहा शितोळे यांच्या शालिनीच्या, म्हणजे काटेकरच्या विधवेच्या, वाट्याला फारच थोडे प्रसंग आले. अणुबॉम्बचे भय आम्हाला तिच्या घरातून कळले असते, आश्रमातल्या प्रवचनातून नाही. पुढे काही कराल तर शालिनी आणि तिचे घर कथेच्या मध्यभागी असावे.

पडद्यावर दिसणाऱ्या फोन क्रमांकांबाबतही काळजी घ्यावी. दुसऱ्या पर्वात गायतोंडेचा शत्रू इसा याचा म्हणून दाखवलेला क्रमांक शारजातल्या एका भारतीय माणसाचा निघाला, त्याला फोनवर फोन आले आणि मग तो क्रमांक काढावा लागला. असे क्रमांक आधी तपासून घेण्याचा नियम करावा.

मराठी सबटायटल्स द्यावीत. मुंबईची गोष्ट आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

पहिल्या दोन मागण्यांवर लेखक-दिग्दर्शकांनी प्रेक्षकांशी जाहीर चर्चा करावी. मुंबईत जागा आणि श्रोते जमवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. तारीख आपण कळवावी.

आपले,
मंडळाचे सर्व सभासद