गाडीच्या अंगात येते तेव्हा

जळगावहून धुळ्याकडे निघाले, एरंडोल-पारोळा मागे पडले की गाडी चांगली रंगात येते. अशा वेळी समोर ट्रॅक्टर आडवा यावा, आपण ब्रेकवर पाय द्यावा आणि गाडीच्या अंगात यावे! मग घरातल्या प्रत्येकाजवळ एकेक निदान तयार असते. आमच्या शेजाऱ्यांनी मेव्हण्याच्या सल्ल्याने दोन टायर बदलले. “सर, टायर कोरे करकरीत, तरी ही बया हलतेच!” असे ते मला सांगत आले.

धुळ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनी मला अशा वेळचे तीन प्रश्न शिकवले आहेत. पहिला, ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला गाडी थरथरते का? तसे असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. ब्रेकवर आळ घेऊ नये. दुसरा, थरथर हातांना जाणवते की बैठकीला? स्टिअरिंग हलले तर संशय पुढच्या चाकांवर, बैठक हलली तर मागच्यांवर. तिसरा, करकचून ब्रेक लावला तरच पायाखाली टकटक होते का? ती बहुधा एबीएसची. चाक जाम होऊ नये म्हणून चाललेली धडपड. तेव्हा घाबरून पाय उचलू नये.

शेजाऱ्यांचे स्टिअरिंग हलत होते. अशा वेळी ‘डिस्क वाकली’ म्हणण्याची रीत आहे. खरे तर ती क्वचितच वाकते. ती कमीजास्त झिजते, किंवा तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर असमान बसतो. जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक पडला तरी हात थरथरतात! पण डिस्क बदलून भागत नाही. नट कमीजास्त आवळलेले, हबवर गंज, अडकलेला कॅलिपर, यांतले मूळ कारण राहिले, तर नवी डिस्कही पुन्हा नाचू लागते.

शेजाऱ्यांना भाऊबीजेला मुलाबाळांसह छत्रपती संभाजीनगरला जायचे होते. वाटेत कन्नडचा घाट. जाताना चढायचा, येताना उतरायचा. मी म्हटले, “भाऊ, उतारावर ब्रेक तापतात. आधी चाके उघडून पाहा, मग घाट.” बहिणीकडे ते एसटीनेच गेले.

परतल्यावर चाक उघडले, तेव्हा कॅलिपरची पिन गंजून अडकलेली निघाली. एक पॅड डिस्कला सतत घासत होते. ते पार झिजून पत्र्याला टेकायच्या बेतात होते.

दोन टायरांचे पैसे गेले ते गेलेच. पण ओवाळून घेतलेला भाऊ सुखरूप घरी आला, हा हिशेब मला मोठा वाटतो. वाचकहो, यंदा फराळाचे डबे गाडीत ठेवण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर एकदा ब्रेक लावून पाहा. गाडी काय म्हणते ते ऐका.